आधी प्रत, मग कार्ड

संगणकात घातलेलं मेमरी कार्ड बाहेर येईना, की दोनांपैकी एक गोष्ट झालेली असते. एक तर संगणकच त्याला सोडत नाही. इजेक्ट म्हटलं की ‘धिस डिव्हाइस इज करंटली इन यूज’ असा संदेश पुन्हा पुन्हा येतो. नाहीतर कार्ड खाचेत रुतून बसलेलं असतं आणि बोटाला लागत नाही. दोन्ही वेळा माणसाची पहिली धाव ते कसंही करून बाहेर काढण्याकडे असते. माझं सांगणं वेगळं आहे. कार्ड अडकलंय, पण त्यावरच्या फाइल्स उघडतायत ना? मग ते बाहेर काढणं हे नंतरचं काम. आधी त्यावरचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. अडकलेलं कार्ड वाचता येतंय तोवर तुमचं काहीही गेलेलं नाही. जातं ते काढायच्या झटापटीत जातं.

मी सांगलीकडे लग्नकार्याचे फोटो आणि व्हिडिओ करतो. तुळशीची लग्नं लागली की आमचा सीझन सुरू होतो आणि मग एकेका घरचं हळद, संगीत, सीमांतपूजन, लग्न, वरात असं सलग चालतं. कार्डं भरत जातात. मधल्या वेळात ती लॅपटॉपवर उतरवायची आणि पुन्हा कॅमेऱ्यात घालायची, ही या धंद्यातली सर्रास पद्धत. एका कार्यालयात हळद आटोपल्यावर माझ्याबरोबरचा पोरगा वरच्या खोलीत बसून कार्ड उतरवत होता. वेळ वाचावा म्हणून त्यानं कॉपी न करता कट-पेस्ट केलं होतं. हिरवी पट्टी शेवटाला आल्यासारखी दिसली, म्हणून त्यानं इजेक्ट दाबलं, तर साधन वापरात आहे असा संदेश. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तो जिन्यातून ओरडला, “दादा, कार्ड निघंना झालंय.” मी खाली मांडवात नवरीच्या घरच्यांचा फोटो लावत होतो. “हात लावू नको, आलोच,” असं म्हणेपर्यंत तो माघारी वळला होता. बाहेर बँड सुरू झाला होता, नवरीचे मामा घाई करत होते. त्यानं कार्ड ओढलं, कॅमेऱ्यात घातलं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर आलं की हे कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करा.

त्यानं फॉरमॅट केलं नाही, हे फार मोलाचं ठरलं. कार्ड वेगळ्या डबीत गेलं, पुढचं काम दुसऱ्या कार्डावर झालं. लग्नाची धामधूम संपल्यावर फोटो परत मिळवले. बहुतेक मिळाले, पण नावं आणि क्रम गेलेले, हळदीतली मुलं आणि जेवणाच्या पंगती एकमेकांत मिसळलेल्या. व्हिडिओंचं तसं झालं नाही. नवरीच्या आजीनं हळद दळताना जात्यावर म्हटलेल्या ओव्यांची एक लांब क्लिप होती. ती फाइल मिळाली, तिचा आकारही बरोबर दिसत होता, पण ती शेवटपर्यंत चालू झाली नाही. घरी जाऊन मी ते सांगितलं. आजी काही बोलल्या नाहीत, नवरीच्या वडिलांनी मात्र विचारलं की मग तो संदेश आला तेव्हाच काही करता आलं नसतं का?

आलं असतं. त्याबद्दलच मला लिहायचं आहे, कारण हा संदेश सगळ्यांना दिसतो आणि त्याचा अर्थ फार थोड्यांना कुणी सांगितलेला असतो.

आधी आत काय चालतं ते पाहू. एसडी कार्ड १९९९ मध्ये पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून आणलं. रुंदी २४ मिलिमीटर, लांबी ३२, जाडी जेमतेम २.१. एवढ्याशा जागेत साठवणाच्या चिपशिवाय एक नियंत्रकही बसवलेला असतो, आणि कोणती माहिती नेमकी कुठे ठेवली याचा हिशेब तो सांभाळतो. फ्लॅश मेमरीत जुन्या मजकुरावर जागच्या जागी नवा मजकूर लिहिता येत नाही. नवं लिहायचं तर रिकामी जागा शोधायची, जुनी जागा मोठ्या मोठ्या तुकड्यांनी पुसायची, मधला मजकूर हलवायचा; हे सगळं नियंत्रक आपल्याला न सांगता करत असतो. ते चालू असताना वीज तुटली तर तो हिशेब अर्धवट राहू शकतो.

त्याच्या वरचा थर फाइल सिस्टिमचा. पुस्तकाला अनुक्रमणिका असते तशी कार्डालाही एक असते: अमुक नावाची फाइल अमुक ठिकाणाहून सुरू होते, इतकी लांब आहे, एवढी जागा मोकळी आहे. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर साधारणपणे फॅट३२ ही पद्धत असते आणि त्यात या तक्त्याच्या दोन प्रती ठेवल्या जातात. त्याहून मोठ्या, म्हणजे २००९ पासून आलेल्या एसडीएक्ससी कार्डांवर एक्सफॅट असते आणि तिथे तक्त्याची सहसा एकच प्रत असते. आजच्या संगणकांच्या हार्ड डिस्कवर जशी बदलांची रोजनिशी ठेवली जाते, तशी या दोन्हींत नसते. त्यामुळे तक्ता लिहिता लिहिता कार्ड निघालं तर मागं जाऊन दुरुस्त करायला आधार राहत नाही. फोटो चिपमध्ये असतात, पण ते कुठे आहेत हे सांगणारी पानं फाटलेली असतात.

आता कट-पेस्टचं बघा. त्यात एकेक फाइल इकडे उतरते आणि तिकडची पुसली जाते. म्हणजे ज्याला आपण कार्ड वाचणं समजतो, ते खरं तर कार्डावर सारखं लिहिणं असतं. नुसती कॉपी करताना ओढलेलं कार्ड बहुतेक वेळा वाचतं; कट करताना ओढलेलं कार्ड वाचेलच असं नाही. मेमरी कार्डावरून कधीही कट करू नये, हे मी आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगतो. कॉपी करायची, प्रत उघडून बघायची, आणि कार्ड नंतर कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं. त्यात आणखी एक फायदा आहे. दरवेळी फॉरमॅट केलेल्या कार्डावर फाइल्स सलग लिहिल्या जातात. निवडून निवडून पुसलेल्या कार्डावर मोठे व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी बसतात, आणि पुढे कधी तक्ता गेलाच तर ते तुकडे जोडणं जवळजवळ अशक्य होतं. आजींच्या क्लिपचं बहुधा तेच झालं असावं.

तर संदेश आला की मी काय करतो? हात बाजूला. ड्राइव्ह उघडून फाइल्स दिसतात का ते पाहतो. दिसत असतील तर सगळं कार्ड लॅपटॉपवर आणि शक्य असेल तर एका बाहेरच्या डिस्कवरही कॉपी करतो. आधी एकदा केलेली असली तरी पुन्हा. दोन्हीकडच्या फाइल्सची संख्या आणि एकूण आकार जुळवतो, मग प्रतीतल्या मधल्या-शेवटच्या काही फाइल्स उघडून बघतो. विशेषतः लांब व्हिडिओ, आणि तेही शेवटच्या मिनिटाला नेऊन. उघडताना आपण प्रतच उघडतोय, कार्डावरची मूळ फाइल नाही, याची खात्री करायची. या गडबडीत पुष्कळ जण कार्डावरचीच फाइल उघडून ‘आलं सगळं’ म्हणतात आणि वर ती उघडी राहिल्यानं कार्ड आणखी अडतं. एवढं झालं की घाई संपली. मग कार्डाचं काय व्हायचं ते होवो, सुटायला अर्धा तास लागला तरी हरकत नाही.

पुढचा प्रश्न, कार्ड धरून कोणी ठेवलंय? संदेशात नाव नसतं हा त्याचा मोठा दोष आहे. पण संशयित नेहमीचे असतात. कार्डावरचा फोल्डर उघडा असलेली खिडकी. फोटो पाहण्याचं किंवा व्हिडिओ चालवण्याचं सॉफ्टवेअर, जे खाली गेलेलं दिसतं पण बंद झालेलं नसतं. एडिटिंगचा प्रोजेक्ट, ज्यात क्लिप्स उतरवून न घेता थेट कार्डावरून ओढल्या असतील. अँटिव्हायरस, जो नवं कार्ड दिसलं की ते तपासायला घेतो. शेकडो मोठ्या फाइल्स असतील तर त्याचं काम लांबतं. फोल्डरमधल्या चित्रांच्या छोट्या प्रतिमा तयार करणारा विंडोजचा स्वतःचा एक्सप्लोरर. कमांडची काळी खिडकी, जी कार्डाच्या ड्राइव्हवर उभी राहिली आहे. ऑनलाइन साठवणाचं एखादं सॉफ्टवेअर, जे कार्ड लागलं की फोटो आपोआप वर चढवायला लागतं. यातलं एकेक बंद करत जावं, मध्ये मिनिटभर थांबावं, आणि मग इजेक्ट करावं. निम्म्याहून अधिक वेळा एवढ्यातच सुटतं, कारण कुणीतरी काम करत होतं आणि त्याचं काम संपलं, इतकंच.

तरीही सुटलं नाही तर विंडोजमध्ये धरणाऱ्याचं नाव काढता येतं. रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयूच्या पानावर ‘असोशिएटेड हँडल्स’ असा भाग आहे. तिथल्या शोधपट्टीत कार्डाचं अक्षर, समजा ई आणि पुढे विसर्गासारखी दोन टिंबं, एवढं टाइप केलं की त्या ड्राइव्हवरची फाइल ज्या ज्या प्रोग्रामनं उघडी धरली आहे त्यांची यादी येते. दुसरी वाट इव्हेंट व्ह्यूअरची. त्यात ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘सिस्टिम’ या नोंदवहीत कर्नल-पीएनपी या स्रोताची २२५ क्रमांकाची नोंद शोधावी. कोणत्या प्रोग्रामनं साधन काढू दिलं नाही, त्याचं नाव आणि प्रोसेसचा क्रमांक तिथे स्पष्ट लिहिलेला असतो. ही नोंद मला पहिल्यांदा सापडली तेव्हा मला वाईट वाटलं होतं, की ज्याचं नाव संगणकाला माहीत होतं ते त्यानं पडद्यावर का सांगू नये. याहून तपशील हवा असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं प्रोसेस एक्सप्लोरर हे मोफत साधन आहे, त्यातही शोध घेता येतो. नाव कळलं की तो प्रोग्राम नीट, त्याच्या स्वतःच्या मेनूतून बंद करावा. टास्क मॅनेजरमधून ठार करणं हे शेवटचं, आणि तो प्रोग्राम कार्डावर लिहीत नाही याची खात्री असली तरच.

विंडोजबद्दल आणखी थोडं. २०१८ मधल्या १८०९ या आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये बाहेरच्या साधनांसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण आपोआप लागू असतं. त्यात कार्डावर लिहायचा मजकूर संगणक आपल्याजवळ साठवून ठेवत नाही, लगेच लिहून मोकळा होतो. हे ऐकून पुष्कळ जण म्हणतात की आता इजेक्ट करायची गरजच नाही. पण लिहिणं चालू असतानाच ओढलं तर कोणतंही धोरण वाचवत नाही. आणि जुन्या संगणकांवर, किंवा कुणी वेगासाठी ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडून ठेवलं असेल तिथे, पट्टी संपल्यावरही मजकूर वाटेतच असू शकतो. तुम्ही बसलात तो लॅपटॉप कसा लावलेला आहे हे दरवेळी माहीत नसतं. कार्यालयात नवरदेवाच्या मित्राचाही असू शकतो.

दुसरं असं की खालच्या कोपऱ्यातल्या चिन्हावरून ‘सेफली रिमूव्ह’ केलं की काही लॅपटॉपमध्ये अख्खा कार्ड रीडरच निघून जातो आणि संगणक पुन्हा सुरू केल्याशिवाय परत दिसत नाही. लोकांना वाटतं रीडर बिघडला. त्यापेक्षा ड्राइव्हवर उजवी क्लिक करून इजेक्ट निवडावं, म्हणजे फक्त कार्ड सुटतं.

कोणीच सापडेना, तर संगणक बंद करून कार्ड काढावं. ही सर्वांत साधी आणि सर्वांत सुरक्षित वाट आहे, आणि तरी ती माणसांना शेवटी सुचते. फक्त विंडोज ८ पासून नेहमीचं ‘शट डाउन’ पूर्ण बंद करत नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर यंत्रणेचा काही भाग झोपवून ठेवला जातो. म्हणून शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउनवर क्लिक करावं, की पूर्ण बंद होतं. लॅपटॉपचं झाकण मिटवून, म्हणजे झोपेत घालून कार्ड काढू नये. जागा झाल्यावर तो कार्ड आहे असं समजूनच पुढे चालू लागतो.

मॅकवर प्रकार तोच, माणसं वेगळी. तिथे कार्ड लावल्याबरोबर फोटोंचं अ‍ॅप उघडतं आणि चित्रं वाचायला घेतं, आणि पाठीमागे स्पॉटलाइट शोधासाठी सूची बनवत बसतं. मोठं कार्ड असेल तर हे बराच वेळ चालतं. फोटोंचं अ‍ॅप पूर्ण बंद करून थोडं थांबलं की बहुतेक वेळा निघतं. ‘फोर्स इजेक्ट’ असं बटण समोर येतं. प्रत झालेली नसेल तर मी त्याला हात लावत नाही. लिनक्सवाल्यांना ‘टारगेट इज बिझी’ असं दिसतं. तिथे टर्मिनलमधून धरणाऱ्याचं नाव सहज मिळतं. एक इशारा त्यांच्यासाठी: ‘लेझी अनमाउंट’ केल्यावर कार्ड यादीतून नाहीसं होतं, पण आतलं लिहिणं तेव्हा संपलेलं असतंच असं नाही. दिसेनासं झालं म्हणून लगेच ओढू नका.

आता खाचेत रुतलेल्या कार्डाकडे येऊ. हा त्रास स्टुडिओपेक्षा घरोघरी जास्त आहे आणि इथे नुकसान हातानं होतं.

पहिल्यांदा खाच कोणत्या जातीची ते ओळखा. एका प्रकारात कार्ड अर्धं बाहेरच राहतं, स्प्रिंग नसते, ते नुसतं धरून सरळ ओढायचं. दुसऱ्या प्रकारात कार्ड आत दाबलं की टक्कन बसतं आणि पुन्हा दाबलं की टक्कन बाहेर येतं. या दुसऱ्या प्रकारात आत बदामाच्या आकाराची एक बारीक खोबण आणि तिच्यातून फिरणारी तार असते. एका दाबात तार खोबणीच्या खाचेत अडकते, दुसऱ्यात सुटते. अशा खाचेतलं कार्ड ओढून काढायला गेलात तर तार वाकते आणि मग ते खरंच अडकतं. म्हणून बाहेर येईना तर आधी आत दाबा. नखानं नको, दुसऱ्या एखाद्या जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं, मधोमध, सरळ, टक् आवाज येईपर्यंत, आणि मग सावकाश सोडा. एका बाजूला दाब पडला की कार्ड तिरकं होतं आणि स्प्रिंग असूनही बाहेर येत नाही.

एवढ्यानं आलं नाही तर पुन्हा तेच: कार्ड वाचता येतंय का? येत असेल तर प्रत. मग संगणक पूर्ण बंद, चार्जर काढलेला, बॅटरी निघण्यासारखी असेल तर तीही काढलेली. आता टॉर्च लावून आत बघा, आणि कार्ड न निघण्याचं कारण शोधा. माझ्या अनुभवात कारण बहुतेक वेळा कार्डाच्या अंगावरच असतं. त्यावर चिकटवलेलं नावाचं स्टिकर सुटून दुमडलेलं असतं, २.१ मिलिमीटरच्या खाचेला स्टिकरची जाडीही पुरते. म्हणून कार्डावर काहीही चिकटवू नये, खुणेसाठी बारीक मार्करनं आकडा लिहावा. नाहीतर कडेची ती लॉकची सरकपट्टी निघालेली असते आणि फटीत अडकते. ती पट्टी म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा तुकडा. आतल्या चिपला तिची खबरही नसते, ती कुठे आहे हे रीडर बघतो. ती सैल झाली की ते कार्ड कामावरून काढावं.

सर्वांत जास्त त्रास देतं ते मायक्रो एसडीचं अ‍ॅडॉप्टर. मायक्रो एसडी १५ बाय ११ मिलिमीटरचं, जाडी १ मिलिमीटर. अ‍ॅडॉप्टर म्हणजे दोन पातळ टरफलं एकमेकांवर चिकटवलेली. स्वस्तातल्या अ‍ॅडॉप्टरची चिकटवण उन्हात ठेवलेल्या गाडीत सुटते, टरफल फुगतं, आणि मग ते खाचेत जातं पण बाहेर येत नाही. ओढलं तर वरचं टरफल हातात आणि खालचं आत. मायक्रो कार्डासाठी अ‍ॅडॉप्टरऐवजी यूएसबीचा वेगळा छोटा रीडर वापरावा असं माझं ठाम मत आहे. तो बिघडला तर रीडर फेकता येतो, लॅपटॉप उघडावा लागत नाही. मायक्रो कार्ड अ‍ॅडॉप्टरशिवाय मोठ्या खाचेत घालणं, किंवा घाईत यूएसबीच्या तोंडात कोंबणं, हेही मी पाहिलं आहे. २००९ ते २०११ च्या आयमॅकमध्ये तर डीव्हीडीची फट आणि एसडीची फट एकाखाली एक होत्या, आणि जगभर माणसं कार्ड डीव्हीडीच्या फटीत घालून बसत. ते बोटानं निघण्यातलं नसतं. ते दुकानातच न्यावं.

काढायला काय वापरावं? प्लॅस्टिकचा चिमटा. लोखंडी चिमटा, सुई, टाचणी, पिना नकोत. एसडीला ९ संपर्कपट्ट्या असतात आणि यूएचएस-२ च्या वेगवान कार्डांना त्यांच्याखाली आणखी ८ ची रांग, आणि त्यांना भिडणाऱ्या खाचेतल्या पात्या इतक्या नाजूक असतात की एकदा वाकल्या की सरळ होत नाहीत. कार्ड सैल आहे पण हाताला येत नाही, अशा वेळी पातळ ताठ प्लॅस्टिकच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून ती कार्डाच्या वरच्या पृष्ठावर टेकवावी आणि समांतर, हळूहळू ओढावी. तुरंत चिकटणारा गोंद कुणी सुचवला तर ऐकू नका. थेंब आत ओघळला की कार्ड आणि खाच कायमची एक होतात. तेल, स्पिरिट, केसांचा तेलकट स्प्रे, हे काहीही आत सोडू नये. फार मोठी कॉपी नुकतीच संपली असेल तर कार्ड चांगलंच तापलेलं असतं. ते निवू द्यावं. दोन-चार सौम्य प्रयत्नांत निघालं नाही तर दुरुस्तीच्या दुकानात जावं, आणि तिथे पहिलं वाक्य हे सांगावं: लॅपटॉपपेक्षा कार्डावरचा मजकूर मोलाचा आहे. हे न सांगितलं तर कारागीर साहजिकच लॅपटॉप वाचवतो आणि कार्डाला पकडीनं धरतो.

जुन्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डांचं उलटं आहे. तिथे ५० बारीक पिना रीडरमध्ये असतात आणि भोकं कार्डात. ते ओढताना क्वचितच अडकतं, पण तिरकं घातलं तर पिन वाकते. अजून ती वापरणारे आहेत म्हणून लिहिलं.

आणि समजा ओढलंच गेलं. कार्ड परत लावल्यावर संगणक म्हणतो, ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा.’ किंवा ‘स्कॅन अँड फिक्स’ करू का विचारतो. दोन्हींना नाही म्हणायचं. दुरुस्तीचं साधन तक्ता सरळ करतं, त्यासाठी जे जुळत नाही ते तोडून टाकतं. फाइल्स वाचवणं हा त्याचा हेतू नाही. विंडोजमध्ये अशा दुरुस्तीनंतर ‘फाउंड’ नावाचा फोल्डर आणि त्यात निनावी तुकडे उरतात. कार्ड बाजूला ठेवा, त्यावर एकही नवा फोटो काढू नका. मग आधी पूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा एका फाइलमध्ये काढून घ्यावी आणि परत मिळवण्याचे सगळे प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. फोटोरेक हे क्रिस्तोफ ग्रनिए यांचं मोफत साधन मी त्यासाठी वापरतो. ते तक्ता बघतच नाही; फोटोच्या फाइलची सुरुवात कशी असते ते ओळखून चिपवरचा मजकूर वेचत जातं. त्यामुळेच नावं आणि फोल्डर परत येत नाहीत. फाइल्स परत मिळवताना त्या त्याच कार्डावर कधीही साठवू नका. संगणकाला कार्ड दिसतच नसेल, आकार शून्य दाखवत असेल, तर घरगुती प्रयोग थांबवून डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे पाठवावं. खर्च मोठा असतो, आणि परत मिळेलच याची हमी प्रामाणिक माणूस देत नाही.

आमच्यापुरतं मी काही गोष्टी बदलल्या. दोन खाचांचा कॅमेरा असेल तर दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहायचं. एक कार्ड लॅपटॉपकडे गेलं तरी दुसरं कॅमेऱ्यातून हलत नाही. कार्डं जास्त घेतली, म्हणजे एका लग्नात कोणतंही कार्ड रिकामं करून पुन्हा वापरायची पाळीच येत नाही. घाई कार्डांच्या तुटवड्यातून येते, आणि चार कार्डांची किंमत एका अल्बमच्या किमतीपुढे काही नाही. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला नियम आम्ही पाळतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. कार्यालयातून निघताना एक डिस्क माझ्या बॅगेत आणि एक पोराच्या बॅगेत, दोघं वेगळ्या गाड्यांनी.

कार्ड सुखरूप निघालं की ते लगेच दुसऱ्या चांगल्या रीडरमध्ये घालू नका. आधी त्याच्या कडा बोटानं चाचपा: टवका उडालाय का, संपर्कपट्ट्यांमधल्या प्लॅस्टिकच्या बारीक भिंती तुटल्यात का, स्टिकरचा चिकटा राहिलाय का. मग टॉर्चच्या उजेडात खाच बघा. आत सगळ्या पात्या एका रेषेत, एका उंचीवर दिसायला हव्यात. शंका असेल तर एखादं जुनं, रिकामं, गेलं तरी चालेल असं कार्ड त्या खाचेत घाला, एक मोठा व्हिडिओ त्यावर टाका, तो परत उतरवून चालवून बघा, इजेक्ट करा आणि काढा. ते अडखळलं, तर ती खाच टेप लावून बंद करा आणि कुणी चुकून वापरू नये म्हणून टेपवर तसं लिहून ठेवा.